कामेरियसचा बाप

ओपिटर कामेरियस फार मोठा माणूस होता, असं त्याच्या घरचे अजून सांगतात. सांगोत बापडे. त्यांच्या ओसरीत वाडवडिलांचे मेणाचे मुखवटे टांगलेत, त्या रांगेत आता ह्याचाही लावलाय आणि खाली लिहिलंय: दोनदा कॉन्सल, व्होल्स्कींचं शहर जिंकलं, एक्वींवर स्वारी केली. त्यांच्या छपराची कौलं बदलायला गेलो होतो तेव्हा मी तो पाहिला. नाक हुबेहूब आलंय. माशी बसू न देणारं. आणि लिहिलंय त्यातलं खोटं काहीच नाही. एक्वींवर स्वारी केली म्हणजे नेमकं काय केलं, एवढं लिहायला तेवढी जागा पुरली नसावी.

म्हणून मी सांगतो. मी सर्टोर पिलियस, अ‍ॅव्हेंटाइन टेकडीखाली माझी भट्टी आहे. कॉन्सल व्हायचं ते बड्या घरच्यांनी. वर्षभर राज्य त्यांचं, फौज त्यांची, आणि त्यांच्यापुढे चालणाऱ्या काठीवाल्यांच्या काठ्या मात्र आमच्या पाठीसाठी. ही वाटणी माझ्या आजापासून चालत आलेली. त्याबद्दल माझी तक्रार असली तरी तिला कोण विचारतो? पण कामेरियसचं प्रकरण वेगळं होतं. बाकीचे कॉन्सल आम्हाला गुरासारखं वागवायचे. गुराला निदान मालक नावानं हाक मारतो. कामेरियसच्या लेखी आम्ही नुसतीच मुंडकी.

तो पहिल्यांदा कॉन्सल झाला तेव्हा आम्ही त्याला व्होल्स्कींचं शहर जिंकून दिलं. शिडीवर चढलो आम्ही, उकळतं तेल अंगावर घेतलं आम्ही. लूट निघाली ती त्यानं सगळी सरकारजमा केली. आमच्या हाती एक पितळी वाटीसुद्धा लागू दिली नाही. म्हणाला, लुटीनं शिपाई मऊ पडतो. मग विजयाची मिरवणूक. हा चार घोड्यांच्या रथात, तोंडाला देवासारखा शेंदूर फासून, आणि मागे आम्ही. आता मिरवणुकीत शिपायांनी सेनापतीला शिव्या घालायच्या, ही आमची जुनी रीत आहे. माणूस त्या दिवशी फार उंच चढलेला असतो. चार शिव्या पडल्या की दृष्ट लागत नाही, देवांनाही पोटदुखी होत नाही. चांगले सेनापती हसतात. माझा सोबती व्हिबो, हा सुतार, त्यानं कामेरियसच्या नाकावर एक गाणं जुळवलं होतं. नाक आधी शहरात शिरलं, धनी दुपारी पोचला, असं काहीतरी. सगळा रस्ता हसत होता. कामेरियस हसला नाही. दुसऱ्या दिवशी व्हिबोला चौकात खांबाला बांधून झोडपला.

मिरवणुकीतल्या शिवीबद्दल मार! असं रोममध्ये कधी कुणी ऐकलं नव्हतं. व्हिबो महिनाभर पालथा झोपला. त्याच्या पाठीला मी डुकराची चरबी लावायचो आणि तो म्हणायचा, "सर्टोर, ह्या नाकाला पुन्हा रथात चढू द्यायचं नाही. बास, एवढंच माझं देवाकडं मागणं."

मागणं त्याच्या एकट्याचं राहिलं नाही. काही वर्षांनी कामेरियस परत कॉन्सल झाला, परत भरती निघाली, आणि आम्ही सगळे जुने पुन्हा त्याच्याच नावानं शपथ घेऊन फौजेत उभे राहिलो. ह्या खेपेला माझा मुलगा केसोही होता. एकुलता एक. त्याच्या आईनं, मेतियानं, त्याला वेशीपर्यंत सोडलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही म्हातारे शहाणे आहात, मागं राहाल. हा पुढं पळंल. ह्याला धरा."

आणि केसो होताच तसा. भट्टीतलं कौल गार व्हायच्या आत उचलायचा आणि बोटं भाजली की माझ्यावरच खेकसायचा.

अल्गिडसच्या डोंगराखाली एक्वी लोकांशी गाठ पडली. सकाळीच त्यांची फळी फुटली. पाठ फिरवून पळायला लागले. आता फक्त मागे धावायचं आणि त्यांचा तळ ताब्यात घ्यायचा की लढाई संपली. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या कुणीतरी ढाल जमिनीवर टेकवली. मग शेजाऱ्यानं टेकवली. हुकूम नव्हता, इशारा नव्हता. रांगच्या रांग थांबली. पूर्ण विजय नाही तर मिरवणूक नाही. सगळ्यांच्या डोक्यात तेवढंच होतं.

"बाबा, अहो जिंकलोय की आपण!" केसो ओरडत होता. "थांबलो कशाला? चला ना!"

व्हिबोनं त्याचा पट्टा मागून धरला. "गप उभा राहा, पोरा. हे जिंकणं आपलं नाही. नाकाचं आहे."

कामेरियस घोड्यावरून रांगेपुढे इकडून तिकडे फिरला. भित्रे म्हणाला, बायका म्हणाला, आणखी काय काय म्हणाला. आम्ही त्याच्याकडे पाहत नव्हतो. पळणारे एक्वीसुद्धा थांबून मागं बघायला लागले, की ह्यांना झालंय तरी काय. मग आम्ही ढाली उचलल्या आणि आपल्या तळाकडे चालायला लागलो.

रात्रभर हसलो आम्ही. सकाळी त्यानं सगळ्यांना शस्त्रं काढून उभं केलं आणि शिरस्त्राणात बिया टाकून आणल्या. पांढऱ्या घेवड्याच्या, आणि दर दहात एक काळी. काळी ज्याच्या हाती येईल त्याचा जीव जाणार.

फळी मोडणाऱ्या फौजेला ही शिक्षा असते, हे मला ठाऊक आहे. कायदा त्याच्या बाजूचा होता. पण बिया फिरवायच्या आधी त्यानं आमच्या रांगेकडे बोट केलं आणि दोन तरुण पोरांना बाहेर काढलं. बड्या घरचे होते दोघेही. आमच्याच रांगेत उभे, आमच्यासारखीच ढाल टेकवलेली. "हे माझ्या तंबूतले आहेत," तो म्हणाला. झालं. ते दोघे केसोच्या अलीकडे उभे होते. ते रांगेत राहिले असते तर ती काळी बी केसोच्या हाती आली असती का? देव जाणे. मला वाटतं आली नसती. मेतियाला तर खात्रीच आहे.

केसोनं मूठ उघडली, बी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. थांबू नका म्हणून ओरडणारा सगळ्या रांगेत तो एकटाच होता. हे मी ओरडून सांगितलं. दोनदा सांगितलं. काठीवाल्यानं मला ढकलून दिलं. आधी काठ्या, मग कुऱ्हाड. कामेरियस त्याच्या हस्तिदंती खुर्चीवर बसला होता आणि परतीच्या रस्त्याबद्दल कुणा अधिकाऱ्याशी बोलत होता. त्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

त्या माणसाचा जीव मी वाचवला. हे सांगताना अजून माझ्या तोंडाला कडू येतं.

परत फिरताना एक्वींनी आम्हाला घळीत गाठलं. पुढचं कोण, मागचं कोण कळेना; पायाखाली चिखल, वरून दगड. माझ्या डाव्या हाताला कुणीतरी घोड्यासकट कोसळला. शिरस्त्राण नाही, तोंड चिखलानं भरलेलं. एक एक्वी त्याच्यावर भाला उचलून उभा. डाव्या बाजूचा माणूस पडला की त्याच्यावर ढाल धरायची, हे आम्हाला इतकं घोटवलेलं असतं की हात विचारायला थांबत नाही. मी ढाल घातली, भाला ढालीवर घेतला, एक्वीच्या मांडीत तलवार खुपसली आणि खालच्याला बगलेत धरून ओढत दगडाआड नेलं. तिथं त्यानं तोंड पुसलं. आधी नाक दिसलं.

मी तलवार पुन्हा उचललीही असती. शपथ मोडली असती, देवांनी काय करायचं ते केलं असतं. पण तोवर अर्धी तुकडी आमच्याभोवती गोळा झाली होती. तो उठला, माझ्याकडे न पाहता घोडा मागितला आणि गेला.

व्हिबो तिथंच होता. त्याला हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणीही. "काय केलंस रे हे म्हाताऱ्या? पोरगा घालवलास आणि कॉन्सल कमावलास!"

"थोबाड बंद कर."

"नाही, नाही, ऐक तर. ओकचा मुकुट! त्यानं आता स्वतःच्या हातानं ओकच्या डहाळ्या वळून तुझ्या डोक्यावर ठेवायच्या. जन्मभर तुला बाप म्हणायचं. तू आलास की उठून उभं राहायचं. कामेरियस! कौलवाल्याला! बाप!"

रीत तशीच आहे. ज्याचा जीव वाचला त्यानं वाचवणाऱ्याला भर फौजेसमोर मुकुट घालायचा आणि पुढे त्याला बापाच्या जागी मानायचं. तो मुकुट घालून माणूस कुठेही गेला की बसलेले सगळे उठतात, मग उमराव असो की पुजारी. मला नको होता तो मुकुट. त्या माणसाच्या हातचं पाणीही नको होतं. पण फौजेला हवा होता. माझ्या डोक्यावर नव्हे, त्याच्या मानेवर. संध्याकाळी त्याच्या तंबूपुढे ओरडा सुरू झाला: मुकुट, मुकुट.

तो बाहेर आला. "माझा घोडा घसरला," म्हणाला. "मी उठतच होतो. कुणीतरी मधे आलं."

आणि आत गेला.

घरी पोचलो तेव्हा केसोची बातमी मेतियापर्यंत आधीच पोचली होती. मुकुटाची गोष्टही. चौकात काय, ओढ्यावर काय, सगळीकडे तीच चर्चा. ती चुलीपुढे बसली होती.

"त्याला वाचवलंत?" तिनं विचारलं.

"ओळखला नाही."

"आणि माझ्या पोराला? त्याला तर तुम्ही ओळखत होतात ना?"

तिनं पेजेचं भांडं माझ्यापुढे आदळलं आणि उठून गेली. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होती. मीठ संपलं. माती आली. भिंत ओली आहे. आम्ही दोघंही त्या एका माणसाला शिव्या देत एकाच घरात दोन कोपऱ्यांत राहत होतो.

वर्ष संपलं. कामेरियसच्या पुढचे काठीवाले गेले आणि तो पुन्हा नुसता माणूस झाला. आमच्या बाजूचे ट्रिब्यून असतात, लोकांनी लोकांसाठी निवडलेले. त्यातल्या स्टॅटियसनं लगेच त्याला लोकांच्या सभेपुढे खेचलं. आरोप एकच: बियांची सोडत त्यानं खोटी केली, आपल्या जातीची पोरं रांगेतून काढून आमची मारली. शाबीत झालं तर त्याला रोममध्ये विस्तव आणि पाणी बंद. म्हणजे घरादाराला मुकून शहराबाहेर.

स्टॅटियस भट्टीवर आला. नुकतीच मिसरूड फुटलेला वाटावा असा माणूस, पण आवाज बैलाचा. "सर्टोरमामा, ती दोन पोरं काढताना जवळून पाहणारे बरेचसे घळीत मेले. उरलेले त्याच्या घरचे अंकित, ते तोंड उघडायचे नाहीत. तुम्ही आहात आणि व्हिबो आहे. पण व्हिबोनं मार खाल्लाय, सूड घेतोय म्हणतील. सगळं तुमच्यावर आहे."

"मी बोलेन," मी म्हणालो. "त्यासाठीच तर जिवंत आहे."

खरंच सांगतो, मला दुसरं काही नको होतं. केसो परत येणार नव्हता. पण तो भित्रा म्हणून मेला असं फौजेच्या दप्तरी पडलं होतं, आणि ज्यानं मारला तो उद्या ओसरीतल्या मुखवट्यांत जाऊन बसणार होता. भर चौकात, सगळ्यांसमोर, खरं काय ते एकदा म्हटलं जावं. एवढं झालं असतं तर मला रात्री झोप लागली असती.

आणि सभेच्या आदल्या दिवशी दुपारी कामेरियस स्वतः माझ्या अंगणात उभा राहिला.

आरोपी माणसानं घालायचा तो मळका अंगरखा घातला होता, दाढी वाढवलेली. बरोबर एकच माणूस. बड्या लोकांच्या कानात समोरच्याचं नाव सांगायला जो एक असतो ना, तो. त्यानं माझं नाव सांगितलंच असणार, कारण कामेरियस म्हणाला, "सर्टोर पिलियस."

मी मातीत पाय घालून उभा होतो. तसाच राहिलो.

"मी का आलोय ते तुला कळलं असेल."

"नाही कळलं. कौलं हवीत?"

त्याचा जबडा हलला. "तुझ्या ढालीनं माझा जीव वाचला. हे मी आधीच म्हणायला हवं होतं. लढाईच्या धामधुमीत राहून गेलं. मी तुला मुकुट देणार आहे."

"वर्षभर घोडा घसरला होता. आज उठला का?"

"हे बघ, मी वाद घालायला आलेलो नाही. तू म्हातारा आहेस. मुलगा नाही. भट्टी कोण चालवणार? मी तुला बाप म्हणेन, म्हणजे माझं घर तुझं. मेल्यावर चितेला आग लावायला कुणीतरी लागतंच."

मुलगा नाही! हे तो मला सांगत होता. मी मातीतलं फावडं कधी उचललं मला कळलं नाही.

"आणि उद्या सभेत," मी म्हणालो, "बाप मुलाविरुद्ध साक्ष देणार नाही. होय ना? म्हणून आठवला होय मुकुट."

"बाप मुलाविरुद्ध साक्ष देत नाही," तो थंडपणे म्हणाला. "ही रीत मी केलेली नाही."

"चालता हो. नाहीतर भट्टीत घालीन."

"घ्या," मागून आवाज आला.

मेतिया दारात उभी होती. हातात निवडायचा घेवडा.

"काय?"

"मुकुट घ्या म्हणते. देतोय तर घ्या." मग ती त्याच्याकडे वळली. "पण इथं नाही. इथं कोण बघतंय? उद्या चौकात, सगळ्या लोकांपुढं घालायचा. बाप म्हणायचं तेही मोठ्यानं. आहे कबूल?"

कामेरियसनं तिच्याकडे पाहिलं. त्याला हवं होतं ते ती त्याला आयतं ताटात वाढत होती. बंद अंगणातल्या मुकुटापेक्षा चौकातला मुकुट त्याच्या कितीतरी जास्त कामाचा. "कबूल," तो म्हणाला, आणि निघून गेला.

मी तिच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते आता सांगत नाही. पोराला विकलंस, इथपर्यंत गेलो. ती घेवडा निवडत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "वर्षभर मी तुमच्याशी धड बोलले नाही, तुम्ही सोसलंत. आता एकदा काही न विचारता माझं ऐका."

स्टॅटियसला सांगितलं तर त्यानं डोक्याला हात लावला. "अहो मामा, तो मुकुट डोक्यावर पडला की तुमची साक्ष मेली! लोक विरघळतात अशा गोष्टींना. बापलेकांची गळाभेट झाली की निम्मे रडतील आणि उरलेले घरी जातील." आणि व्हिबो? तो आयुष्यात पहिल्यांदा काहीच विनोद न करता माझ्याकडे बघत राहिला.

सकाळी चौक भरला होता. एका बाजूला बाकांवर बडी घरं, सगळी मळक्या कपड्यांत, कामेरियसचे भाऊबंद केस विस्कटून, दुसरीकडे आम्ही. त्याच्या बाजूचे लोक एकेक करून उठले आणि त्याची कारकीर्द सांगून गेले. व्होल्स्कींचं शहर. तटावरची लढाई. मांडीवरची जखम, ती त्यानं अंगरखा बाजूला करून दाखवली. आमच्यातलेही काही माना हलवायला लागले. लोक असेच आहेत. जखम दिसली की मारलेले विसरतात.

मग त्यानं मुकुट काढला. ताज्या डहाळ्यांचा, नीट वळलेला. स्वतः वळला असेल असं मला वाटत नाही. तो माझ्यापुढे आला आणि गुडघ्यावर बसला. कामेरियस!

मी मेतियाला शोधलं. ती बायकांच्या घोळक्यात पुढे उभी होती. तिनं मान हलवली. मी डोकं वाकवलं.

"हा माझा बाप," तो मोठ्यानं म्हणाला. "ह्यानं मला जन्म दिला त्या दिवशी अल्गिडसच्या घळीत. देव साक्षी आहेत."

"उठा!" व्हिबो मागून किंचाळला. "उठा की, महाराज! कामेरियसचा बाप आलाय!"

हशा पिकला. पण रीत ती रीत. बाकांवरचे म्हातारे उमराव एकेक करून उठले, गुडघे धरून, तोंडं आंबट करून, कौलं थापणाऱ्यासाठी. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. मग ह्या उठण्याची किंमत काय पडली ते आठवलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

"सर्टोर पिलियस," स्टॅटियसनं विचारलं, त्याचा बैलाचा आवाज पार खाली गेला होता. "तुम्ही साक्षीला उभे आहात. बोलणार?"

कामेरियस उठून माझ्या शेजारी उभा राहिला. "लोकहो, माझ्या बापाला हे विचारू नका," तो म्हणाला. "ह्यानं एक मुलगा गमावला. देवांनी त्याला दुसरा दिला. आता तोही तुम्ही त्याच्याच तोंडानं हिरावून घेणार?"

लोक गलबलले. मला दिसत होतं. एक म्हातारी डोळे पुसत होती. "जाऊ दे आता," कुणीतरी म्हणालं. "झालं गेलं," दुसरा म्हणाला. डोक्यावर ती पानं, आणि शेजारी तो, माझ्या खांद्यावर हात ठेवून. बोललो तर रीत मोडणारा. नाही बोललो तर केसो भित्राच राहणार. मेतियानं मला कुठं आणून उभं केलं होतं!

तेवढ्यात ती गर्दीतून पुढे आली.

दवंडीवाला आडवा झाला. "बाई, मागं व्हा. सभेत बायका बोलत नाहीत."

"मी कुठं सभेशी बोलतेय? मी माझ्या मुलाशी बोलतेय. आईनं मुलाशी बोलू नये असाही कायदा काढलाय का आता?"

दवंडीवाल्यानं स्टॅटियसकडे पाहिलं. स्टॅटियसनं हात हलवला: येऊ दे.

ती कामेरियससमोर उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंत येत होती. तिनं त्याच्या अंगरख्याची घडी नीट केली, केसोची करायची तशी.

"वाळलास की रे," ती म्हणाली. "हे तुझे बाबा. मग मी कोण?"

तो घुटमळला. सगळे बघत होते. "आई," तो म्हणाला.

"हां. मोठ्यानं बोल, बाळा, मागच्यांना ऐकू जात नाही."

"आई."

"शहाणा माझा. आता एक सांग. तुला एक धाकटा भाऊ होता. तुझ्याच फौजेत होता, तुझ्या नावानं शपथ घेतली होती त्यानं. त्याचं नाव काय?"

कामेरियस हसला, म्हणजे हसण्यासारखं काहीतरी केलं. मग त्यानं मान किंचित मागं वळवली. तो नावं सांगणारा माणूस तिथंच होता, दोन पावलांवर. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझं नाव त्यानं विचारून ठेवलं होतं. मेलेल्या पोराचं नाव लागेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

"त्याच्याकडं काय बघतोस?" मेतिया म्हणाली. "भाऊ तुझा आहे. सांग की. मला काही घाई नाही. मला घरी कुणाची वाट बघायची नाही."

मघाची म्हातारी डोळे पुसायची थांबली होती. आमच्या तुकडीतले सगळे पुढे सरकले होते. त्यातल्या प्रत्येकाला नाव माहीत होतं, आणि एकानंही ते उच्चारलं नाही.

"बाई," शेवटी कामेरियस म्हणाला. आई नाही, बाई. "त्या दिवशी बरेच जण होते."

मेतिया बाजूला झाली, माझ्या आणि स्टॅटियसच्या मधून.

मी मुकुट काढला आणि ज्याचा होता त्याच्या हातात दिला.

"विचार," मी स्टॅटियसला म्हणालो. "माझ्या मुलाचं नाव केसो पिलियस. आता पहिल्यापासून विचार."